यंत्राची नाडी

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दुपारचा एक वाजत आला होता. नांदेड, लातूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे तीन जिल्हे शालान्त परीक्षा मंडळाच्या लातूर विभागात मोडतात. या तिन्ही जिल्ह्यांतील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातील दहावीची मुले त्या दुपारी मोबाईल हातात धरून बसली होती. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून निकाल तयार केला होता आणि तो एक वाजता संकेतस्थळांवर दिसायचा होता.

एक वाजला. मुलांनी बैठक क्रमांक टाकला, बटण दाबले. पडद्यावर एक लहानसे वर्तुळ फिरू लागले, आणि ते फिरतच राहिले. कुणी पुन्हा बटण दाबले, कुणी दादाच्या मोबाईलवर करून पाहिले, कुणी नेट कॅफेकडे धाव घेतली. निकालाची संकेतस्थळे त्या दिवशी कित्येक तास उघडेनात.

पूर्वी निकाल शाळेच्या फळ्यावर लागे. तिथे गर्दी झाली, कागद फाटला किंवा शिपाई उशिरा आला, तर सगळ्यांना डोळ्यांनी दिसे. संकेतस्थळाचे तसे नाही. ते चालवणारे संगणक कुठल्या तरी दूरच्या शहरात, बंद खोलीत असतात. आत काय अडले आहे, हे बाहेरून कळत नाही. यंत्रे तर शांतपणे गुणगुणत असतात, दिवे लुकलुकत असतात. अशा वेळी अभियंत्यांना दुरुस्तीच्याही आधी एक गोष्ट शोधावी लागते: बिघडले आहे कुठे?

वैद्य रोग्याचे पोट फाडून पाहत नाही. तो नाडी पाहतो, ताप मोजतो, जीभ बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि आत काय चालले असेल याचा अंदाज बांधतो. संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे सॉफ्टवेअरची, नाडी कशी पाहतात, ते आज आपण समजून घेऊ.

पातळी सारे सांगते का?

संगणकाकडे जाण्याआधी आपण नांदेडच्या विष्णुपुरीला जाऊ. गोदावरीवरचे हे धरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नांदेड शहराचे पिण्याचे पाणी आणि उपसा सिंचनाचे पाणी येथून मिळते. पावसाळ्यात वरच्या अंगाची जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर ही धरणे भरली आणि त्यांतून पाणी सुटले, की ते नद्यांमधून वाहत शेवटी विष्णुपुरीला येते. दरवाजे उघडायला उशीर झाला तर धरणात पाणी वाजवीपेक्षा चढते. घाईने जास्त उघडले तर खालच्या काठावरची घरे पाण्यात जातात, शिवाय उन्हाळ्यासाठी हवे असलेले पाणी वाहून जाते ते वेगळेच.

आता एक प्रश्न. समजा, धरणावरचा माणूस दर तासाला पाण्याची पातळी वहीत लिहितो. सहा तास झाले, पातळी एका बोटानेही हलली नाही. यावरून नदी शांत आहे, असे म्हणता येईल का?

नाही म्हणता येणार. दोन शक्यता आहेत. पहिली: नदीला पाणी येत नाही आणि दरवाजे बंद आहेत. दुसरी: नदीला मोठा पूर आहे, पण दरवाजे असे उघडले आहेत की जितके पाणी येते तितकेच बाहेर जाते. दोन्ही वेळा पातळी तीच! केवळ पातळीच्या आकड्यावरून या दोहोंतला फरक कळत नाही. पण त्याच वहीत 'किती दरवाजे, किती उघडे' हा एक रकाना वाढवा. पातळी आणि दरवाजे या दोन आकड्यांवरून धरणात किती पाणी येत आहे, याचा हिशेब लगेच करता येतो.

यंत्राची आतली स्थिती बाहेरच्या मापांवरून ओळखता येणे, या गुणाला अभियंते 'ऑब्झर्वेबिलिटी' म्हणतात. आपण त्याला निरीक्षणक्षमता म्हणू. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० च्या सुमारास या कल्पनेला गणिती रूप दिले. नुसत्या पातळीची वही ठेवणारे धरण निरीक्षणक्षम नाही. दोन रकान्यांची वही ठेवणारे आहे. धरण तेच, पाणी तेच. फरक पडला तो योग्य जागी योग्य माप घेतल्याने. सॉफ्टवेअरच्या जगात ही कल्पना पुढे बरीच उशिरा आली, पण तिचे मूळ हेच आहे.

एका बटणामागची धावपळ

तुम्ही बैठक क्रमांक टाकून बटण दाबता तेव्हा काय होते? आपल्याला वाटते, एक मोठा संगणक असेल, तो निकाल काढून देत असेल. प्रत्यक्षात तुमची विनंती अनेक हातांतून जाते. प्रथम एक द्वारपाल संगणक ती घेतो आणि रिकाम्या असलेल्या एखाद्या सोबत्याकडे पाठवतो. तो सोबती क्रमांक नीट लिहिला आहे ना, हे तपासतो. मग डेटाबेस, म्हणजे सर्व निकालांचे भांडार सांभाळणारा संगणक, त्यातून तुमची ओळ शोधतो. शेवटी आणखी एक आज्ञावली त्या गुणांचे नीटनेटके पान मांडते आणि ते तुमच्याकडे परत येते. मोठ्या यंत्रणांत अशा शेकडो आज्ञावली असतात. त्यांतली एक अडली तरी मुलाला दिसते ते एवढेच: फिरणारे वर्तुळ.

तेव्हा प्रत्येक टप्प्यावर काहीतरी खूण मागे राहील, अशी तजवीज आधीच करून ठेवावी लागते. या खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

पहिली, नोंद. प्रत्येक आज्ञावली स्वतःची रोजनिशी लिहिते. 'दुपारी १ वाजून ७ सेकंद. डेटाबेसला विचारले. ३० सेकंद वाट पाहिली. उत्तर नाही. नाद सोडला.' अशी एकेक ओळ. नोंदीत तपशील भरपूर असतो; पण लाखो ओळींतून नेमकी ओळ शोधणे म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणे. म्हणून प्रत्येक ओळ ठरावीक साच्यात लिहितात. वेळ, जागा, घटना आणि परिणाम यांचे रकाने ठरलेले असले की संगणकच त्या ओळी चाळू शकतो.

दुसरी, मोजमाप. दर काही सेकंदांनी घेतलेला एक आकडा. आतापर्यंत किती विनंत्या आल्या? किती फसल्या? स्मृती किती भरली? रुग्णालयात खाटेला अडकवलेला तापाचा तक्ता आठवा. परिचारिका तापमान लिहिते, ठिपके जोडले की आलेख होतो. आकड्याला जागा फार थोडी लागते, म्हणून मोजमापे महिनोन्‌महिने जपून ठेवता येतात. ताप केव्हा चढला हे तक्ता सांगतो; का चढला, हे मात्र सांगत नाही.

तिसरी, माग. सरकारी दवाखान्यात गेल्यावर केसपेपर काढतात. त्यावर एक क्रमांक असतो. तोच कागद घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे, रक्त तपासणीला आणि औषधांच्या खिडकीवर जाता. समजा, प्रत्येक खिडकीवर आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ त्या कागदावर लिहिली, तर संध्याकाळी कागद पाहूनच कळेल की डॉक्टरांकडे दहा मिनिटे गेली आणि रक्त तपासणीला दोन तास. संगणकातही प्रत्येक विनंतीला द्वारपाशी असाच एक क्रमांक देतात आणि तो प्रत्येक आज्ञावलीने पुढच्या आज्ञावलीला द्यायचा, असा नियम करतात. समजा, एका मुलाच्या निकालाला ९ सेकंद लागले. माग काढल्यावर दिसते: द्वारपाल ०.१ सेकंद, क्रमांक तपासणी ०.२ सेकंद, डेटाबेस ८.४ सेकंद, पान मांडणे ०.३ सेकंद. बेरीज ९. आता कुणाकडे बोट दाखवायचे, हे वेगळे सांगायला नको. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या 'डॅपर' नावाच्या अशा माग काढणाऱ्या यंत्रणेची माहिती २०१० मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर ही रीत जगभर पसरली.

तिन्ही खुणा एकमेकींना पूरक आहेत. काहीतरी बिनसले आहे, हे मोजमाप सांगते. कुठे, हे माग सांगतो. आणि नेमके काय घडले, हे नोंद सांगते.

मग सगळेच का लिहून ठेवू नये, असे तुम्ही विचाराल. कारण लिहिण्यालाही वेळ आणि जागा लागते. प्रत्येक विनंतीचा माग ठेवू लागलो तर कधीकधी मूळ कामापेक्षा कारकुनीच जास्त होते. म्हणून पुष्कळदा हजारातल्या काही विनंत्यांचाच माग ठेवतात, मात्र फसलेल्या विनंत्यांचा शक्यतो सगळ्यांचा. आणखी एक पथ्य महत्त्वाचे आहे. या वहीत कुणाचे गुण, दूरध्वनी क्रमांक किंवा परवलीचा शब्द उतरू द्यायचा नाही. वही अनेकांच्या हाती जाते.

फलकावरचे चार काटे

मोटारीच्या चालकासमोर वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा आणि दोनचार दिवे असतात. इंजिनात शेकडो भाग असले तरी शेकडो काटे नसतात. तसाच एक फलक अभियंत्यांसमोर असतो. इंग्रजीत त्याला 'डॅशबोर्ड' म्हणतात. मोजमापे गोळा करणारी 'प्रोमीथियस' ही आज्ञावली २०१२ मध्ये लिहायला घेतली गेली, आणि त्या मोजमापांचे आलेख काढणारी 'ग्राफाना' २०१४ मध्ये आली. दोन्हींची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे. नांदेडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही त्या आपल्या संगणकावर बसवून पाहू शकतो.

पण फलकावर लावायचे काय? गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार खुणा सांगितल्या आहेत. उशीर: उत्तर द्यायला किती वेळ लागतो? वर्दळ: विनंत्या किती येतात? चुका: किती विनंत्या फसतात? आणि भार: यंत्रणा आपल्या कमाल क्षमतेच्या किती जवळ आली आहे? पहिल्या तीन खुणा आज काय चालले आहे ते सांगतात. चौथी उद्याची चाहूल देते.

सरासरीचा चकवा

उशीर मोजायचा म्हणजे सरासरी काढायची, असे कुणालाही वाटेल. जरा हिशेब करू. समजा, १०० मुलांनी निकाल पाहिला. ९५ जणांना १ सेकंदात पान मिळाले. उरलेल्या ५ जणांना प्रत्येकी ४१ सेकंद थांबावे लागले. एकूण वेळ ९५ अधिक २०५, म्हणजे ३०० सेकंद. सरासरी ३ सेकंद. फलकावर '३ सेकंद' पाहून अभियंता निश्चिंत होईल. पण ३ सेकंद लागलेला मुलगा या शंभरांत एकही नाही! बहुतेकांना त्याहून कितीतरी कमी वेळ लागला, आणि पाच जण मात्र रडकुंडीला आले.

म्हणून अभियंते सर्व वेळा चढत्या क्रमाने मांडतात आणि ५० वी, ९५ वी, ९९ वी वेळ पाहतात. आपल्या उदाहरणात ५० वी वेळ १ सेकंद आहे आणि ९९ वी ४१ सेकंद. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुखणे लपत नाही. तालुक्यांच्या पावसाचेही असेच असते. जिल्ह्याची सरासरी चांगली दिसते आणि एखाद्या तालुक्यात पेरणीच झालेली नसते.

काळाची सरासरीही अशीच फसवते. 'आमची यंत्रणा ९९.९ टक्के वेळ चालू असते' असे कुणी म्हटले तर ऐकायला छान वाटते. ३० दिवसांत ४३,२०० मिनिटे असतात. त्यांचा हजारावा भाग म्हणजे सुमारे ४३ मिनिटे ती बंद राहू शकते. ही ४३ मिनिटे मध्यरात्री गेली तर कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण निकालाच्या दिवशी एक ते पावणेदोन अशी गेली, तर महिन्याचा आकडा तसाच सुंदर राहील आणि लाखो घरांत कासाविशी होईल.

रांग एकदम का वाढते?

निकालाचे संकेतस्थळ हळूहळू मंद होत नाही. बराच वेळ ठीक चालते आणि मग एकदम कोसळते. असे का, ते एसटीच्या तिकीट खिडकीवर पाहू.

समजा, खिडकीवरच्या कारकुनाला एका प्रवाशासाठी सरासरी एक मिनिट लागतो. म्हणजे तासाला ६० तिकिटे. प्रवासी अनियमितपणे येतात, आणि कुणाला कमी तर कुणाला जास्त वेळ लागतो, असे धरा. गणित सांगते की, प्रवाशाचा रांगेतील व खिडकीवरील मिळून सरासरी वेळ, तासांत, असा निघतो: १ भागिले (६० वजा तासाला येणारे प्रवासी).

तासाला ३० प्रवासी येत असतील तर १ भागिले ३० तास, म्हणजे २ मिनिटे. ५४ प्रवासी आले तर १ भागिले ६ तास, म्हणजे १० मिनिटे. आणि ५९ प्रवासी आले तर? १ भागिले १, म्हणजे पूर्ण एक तास! ५४ वरून ५९, केवळ पाच प्रवासी वाढले, आणि दहा मिनिटांचा तास झाला. ६० च्या पुढे तर रांग वाढतच जाते. डेन्मार्कचे अॅग्नर एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रासाठी या प्रकारचे गणित १९०९ पासून मांडले. तेच आज सर्व्हरच्या रांगेलाही लागू पडते.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, 'भार' हा काटा ९० टक्क्यांवर पोचण्याआधीच हालचाल करायला हवी. शंभरची वाट पाहून चालत नाही. दोन, वर्षभराच्या वर्दळीवरून निकालाच्या दिवसाची तयारी होत नाही. त्यासाठी आधी खोटी गर्दी निर्माण करून, म्हणजे हजारो बनावट विनंत्या सोडून, रांग कुठे तुंबते ते पाहावे लागते.

त्यातून माणसाचा स्वभाव भर घालतो. पान उघडले नाही की आपण पुन्हा बटण दाबतो. प्रत्येक दाबणे ही नवी विनंती. रांग वाढली म्हणून बटणे वाढतात आणि बटणे वाढली म्हणून रांग वाढते. यंत्रेही असेच करतात. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास अडखळले होते. ही यंत्रणा चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे. चौकशीत दिसले की, 'त्या व्यवहाराचे काय झाले?' अशी विचारणा काही बँकांच्या यंत्रणांकडून प्रचंड संख्येने आणि पुन्हा पुन्हा येत होती. नव्या व्यवहारांची वाट या विचारणांनी अडली होती. वर्दळीचा एकच काटा असेल तर हे दिसत नाही. 'मूळ विनंत्या' आणि 'पुन्हा केलेल्या विनंत्या' असे दोन काटे हवेत. विष्णुपुरीच्या वहीतला दुसरा रकाना आठवला ना?

दिवा काय सांगतो?

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात एक झडप उघडली आणि उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातील फलकावर तिच्यासाठी एक दिवा होता. झडप बंद करण्याचा विद्युत्‌संदेश गेला आणि दिवा विझला. कामगारांनी मानले, झडप बंद झाली. पण तो दिवा झडपेला जोडलेला नव्हताच. बंद होण्याची आज्ञा गेली की तो विझत असे. आज्ञा पाळली गेली की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी त्या झडपेतून निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला.

त्याच वेळी पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर धोक्याच्या सूचना वाजू लागल्या होत्या. त्या कागदावर छापणारे यंत्र मागे पडले. सगळ्याच घंटा एकदम वाजल्या, तर कुठली ऐकायची?

सॉफ्टवेअरचे फलक मांडणारे आजही या प्रसंगातून धडे घेतात. प्रत्येक काटा नेमके काय मोजतो, हे ठाऊक हवे. 'निकालाचे पान पाठवले' ही नोंद आणि 'मुलाला पान दिसले' ही घटना एक नव्हे. म्हणून अभियंते एक बनावट वाचक ठेवतात. तो दर मिनिटाला, वेगळ्या गावातून, खऱ्या मुलासारखे पान उघडून पाहतो. आतले सगळे काटे 'ठीक' म्हणत असले तरी हा वाचक 'उघडत नाही' म्हणाला, तर त्याचे खरे मानायचे. हा वाचक आणि फलक वेगळ्या संगणकांवर ठेवतात. दिवे गेल्यावर लागणारी बॅटरी घरच्या विजेवर चालणारी असून कशी चालेल?

घंटाही मोजक्या हव्यात. जिच्यासाठी मध्यरात्री माणसाला उठवावे अशी, आणि उठून त्याला काही करता येईल अशीच घंटा वाजवायची. बाकीच्या गोष्टी सकाळी वाचायच्या कागदावर लिहायच्या. रोज विनाकारण ओरडणाऱ्या घंटेकडे माणूस दुर्लक्ष करायला शिकतो, आणि लांडगा खरोखर येतो तो नेमका त्याच दिवशी.

आकडा आणि हात

लातूरकरांना फलक वाचायला कुणी शिकवायची गरज नाही. मांजरा धरणाच्या साठ्याचा टक्का तेथील घराघरांत वाचला जातो. त्यातही एक मेख आहे. वर्तमानपत्रात छापतात तो बहुधा उपयुक्त साठा. तो शून्य टक्के झाला, तरी तळाशी मृतसाठा उरलेला असू शकतो. म्हणजे इथेही आकडा काय मोजतो, हे आधी विचारायला हवे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा आटले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती; म्हणजे त्या गाडीतून माणशी दीड लिटरही येत नव्हते. पुढे मोठ्या गाड्या आल्या. साठा घटत असल्याचे आकडे तर आधीपासून रोज छापून येत होते. आकडा धोका दाखवतो. पाणी जपून वापरणे, पर्याय उभा करणे हे हातांनीच करावे लागते.

म्हणून चांगल्या फलकाशेजारी एक कागदही असतो: काटा अमुक रेषेपलीकडे गेला तर कुणी काय करायचे. आणि बिघाड निस्तरल्यावर सारे एकत्र बसून पुन्हा पाहतात. कोण चुकले, यापेक्षा आपल्याला ते आधी का दिसले नाही, याची त्या बैठकीत जास्त चर्चा व्हायला हवी. माणसांना दोषाची भीती वाटली की ती नोंदी लपवू लागतात, आणि मग यंत्र आंधळे होते.

करून पहा

यासाठी संगणक लागत नाही. मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या नळापाशी तिघांनी उभे राहा. पहिल्याने दर मिनिटाला किती मुले नव्याने रांगेत आली ते मोजावे. दुसऱ्याने दर मिनिटाला रांगेत किती मुले आहेत ते लिहावे. तिसऱ्याने काही मुलांच्या हाती क्रमांकाच्या चिठ्ठ्या द्याव्या, रांगेत शिरण्याची व पाणी पिऊन निघण्याची वेळ टिपावी. तुमच्याजवळ वर्दळ, भार आणि माग, तिन्ही जमले!

आता रांग फारशी वाढत किंवा घटत नसेल तेव्हाचे आकडे घ्या. मिनिटाला येणारी मुले गुणिले सरासरी थांबण्याची मिनिटे, हा गुणाकार रांगेतल्या मुलांच्या सरासरी संख्येशी जुळतो का पाहा. मिनिटाला ६ मुले येत असतील आणि प्रत्येकाला ३ मिनिटे लागत असतील, तर रांगेत सुमारे १८ मुले दिसावीत. हा नियम अमेरिकेच्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. धरण, दवाखाना, एसटीची खिडकी किंवा निकालाचे संकेतस्थळ, सगळीकडे तो लागू पडतो.

मग सर्व वेळा चढत्या क्रमाने मांडा आणि सर्वांत जास्त थांबलेल्या मुलांशी बोला. ती पाचवीतली लहान मुले आहेत का? मोठी मुले त्यांना मागे ढकलतात का? नळ एक वाढवायला हवा, की वर्गांची सुट्टी पाच पाच मिनिटांच्या अंतराने सोडली तरी पुरेल? तुमचा आलेख मुख्याध्यापकांना दाखवा. शेवटची घंटा झाली तरी पाणी न मिळालेली मुले किती, हा आकडा मात्र फलकावर सर्वांत वर लिहा.